जिन्याखालची माऊ घरात राहायला येते तेव्हा



डोंबिवलीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. चांगलं चार पानी पत्र आहे, आणि त्यातली तीन पानं एका मांजरीविषयी! यांची इमारत जुनी, ती आता पुनर्विकासाला निघाली आहे. दीड महिन्यात सगळ्यांनी जागा रिकामी करायची आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत भाड्याच्या जागेत दिवस काढायचे. यांना मिळालेला ब्लॉक सहाव्या मजल्यावर. भांड्यांची खोकी भरून झाली, पुस्तकं बांधून झाली, पण जिन्याखाली राहणाऱ्या तिरंगी मांजरीचं काय करायचं हे काही ठरत नाही. चार वर्षं ती यांच्या हातचं खाते आणि दुपारी दाराबाहेरच्या पायपुसण्यावर झोपते. घरात मात्र पाच मिनिटांच्या वर कधी टिकलेली नाही. यजमान म्हणतात, रस्त्यावरचं जनावर, कुठंही जगेल. मुलगा म्हणतो, पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येतो. सून पाचव्या महिन्यात आहे, आणि तिच्या माहेरच्यांनी फोनवर बजावलं आहे की पोटुशीच्या घरात मांजर म्हणजे बाळाला धोका. आणि या बाई विचारताहेत, जन्मभर उघड्यावर वाढलेली मांजरी चार भिंतींत राहील का? की तिला कोंडणं हाच तिच्यावर अन्याय?

बहुतेक मांजरी राहतात, आणि सुखानं राहतात. मात्र ते दोन दिवसांचं काम नाही, आणि तुमच्या हातात दीड महिना आहे ही मोठीच सोय आहे.

आधी त्या पोत्याविषयी. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, म्हणून मारायचं नाही, नदीपलीकडे सोडून यायचं, हा आपल्याकडचा जुना तोडगा. पापही नको आणि त्रासही नको! पण पुढं त्या जिवाचं काय होतं ते बघायला कुणी थांबत नाही. मांजराचं पोट ओळखीच्या जागेवर चालतं. कुठल्या खिडकीतून मासळीची डोकी पडतात, कुठल्या फाटकातला कुत्रा अंगावर येतो, पावसात कुठल्या मीटरच्या पेटीखाली कोरडं राहतं, एवढीच त्याची शिदोरी असते. परक्या जागी तिथले बोके त्याला ठरू देत नाहीत. मग ते जुन्या घराची दिशा धरून निघतं आणि वाटेत गाडीखाली सापडतं. शिवाय १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला आळा घालणारा कायदा आहे. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा त्या कायद्यानं गुन्हा ठरतो, हे चिरंजीवांच्या कानावर घाला. आणि जागच्या जागी सोडून जाणंही बरं नाही. तोडकाम सुरू झालं की मांजर पळून जाईल असं आपल्याला वाटतं. पण घाबरलेलं मांजर बाहेर पळण्याऐवजी आणखी आत, आणखी खबदाडात शिरतं.

आता तुमची माऊ घरात राहण्यासारखी आहे की नाही, ते कसं ओळखायचं? ती तुम्हाला पाहून शेपटी ताठ उभी करून येते का, पायाला अंग घासते का, डोक्यावरून हात फिरवू देते का? तसं असेल तर ती माणसाळलेली आहे, फक्त तिला छप्पर नाही. मांजराची पिल्लं साधारण दोन ते सात आठवड्यांची असताना माणसाच्या हाताळण्यात आली तर त्यांना माणूस आपला वाटतो. त्या वयात जिला माणूस भेटलाच नाही ती मोठेपणी तुमचं खाईल, पण चार हातांवरूनच. अशी रानटी मांजरी घरात कोंडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती कपाटामागे बसून दिवस काढील आणि तुम्ही दोघीही कष्टी व्हाल. तिच्यासाठी दुसरा उपाय करावा. खाण्याची वाटी रोज दोन-चार पावलं सरकवत शेजारच्या, न पाडल्या जाणाऱ्या इमारतीच्या आवारात न्यावी आणि तिथल्या कुणातरी दयाळू बाईच्या हाती तो वसा द्यावा. त्याआधी तिची शस्त्रक्रिया मात्र करून घ्यावी.

पत्रातली मांजरी पायपुसण्यावर झोपते, म्हणजे ती पहिल्या जातीची. तिच्याविषयीच पुढं बोलू.

पहिला आठवडा डॉक्टरांचा. तिच्या एका कानाचं टोक सरळ कापलेलं दिसतं का ते बघा. भटक्या मांजरांची संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली की ओळखीसाठी तसं करतात. नसेल तर शस्त्रक्रिया करून घ्या, यात चालढकल नको. (तिरंगी म्हणजे मांजरीच, बरं का! पांढरा, काळा आणि पिवळा असे तिन्ही रंग बोक्याच्या अंगावर जवळजवळ कधीच येत नाहीत.) मांजरीचे दिवस सुमारे नऊ आठवड्यांत भरतात, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. शस्त्रक्रिया न केलेली मांजरी घरात ठेवली तर हंगामात ती दर दोन-तीन आठवड्यांनी रात्र रात्र ओरडते, दाराला धडका देते, आणि शेजारी तुमच्या नावानं बोटं मोडतात. ‘मांजर घरात राहतच नाही हो’ ही जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं. ती गाभण निघाली तर काय करायचं ते डॉक्टर तपासून सांगतील. दिवस भरत आलेले असले तर तिचं बाळंतपण घरातच होऊ द्या, म्हणजे निदान पिल्लांना सात घरं फिरावी लागणार नाहीत. पिल्लं दूध तोडून खायला लागली की मग तिची शस्त्रक्रिया.

त्याच फेरीत जंताचं औषध, पिसवांवरचं औषध, रेबीजची लस आणि मांजरांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्या व सर्दी-पडशाच्या रोगांवरची एकत्रित लस घ्या. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ दिसला तर तोही दाखवा, ते कानातले किडे असतात. अंगावर गोल टक्कल पडलेलं दिसलं तर नायटा असू शकतो, आणि तो माणसांना लागतो. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध घरात पडलं आहे म्हणून ते मांजराला मुळीच लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि त्यानं मांजर दगावतं. मुंबईच्या मैत्रिणींना परळचं ‘बैलघोड्याचं हॉस्पिटल’ ठाऊक असेलच. बाई साकरबाई दीनशा पेटिट यांच्या नावाचं हे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथंच १८८६ पासून आहे. इतर गावांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

डॉक्टरकडे न्यायची पेटी कशी असावी? वरूनही उघडते अशी जाळीची प्लॅस्टिकची पेटी घ्या. पिशवीत किंवा कडेवर घेऊन रिक्षात बसण्याचं धाडस नको, एका हॉर्नच्या आवाजानं ती उसळी मारते. पेटी आणली की लगेच तिला कोंबूही नका. दार उघडं ठेवून पेटी जिन्याखालीच ठेवा, तुमची वापरलेली जुनी साडी घडी करून आत अंथरा आणि रोजचं खाणं आधी पेटीच्या तोंडाशी, मग आत ठेवा. आठवड्याभरात ती आपली आपण आत जाऊन बसायला लागते. नेताना वरून सुती चादर टाका, काळोखात मांजर शांत राहतं.

शस्त्रक्रियेनंतर तिला आठ-दहा दिवस बंदिस्त ठेवायला डॉक्टर सांगतील. ही तुम्हाला आयती रंगीत तालीम. जुन्याच घरात मोरी किंवा एखादी छोटी खोली तिला द्या. ओळखीच्या इमारतीतच, ओळखीच्या वासात, घरात राहण्याचा पहिला धडा होऊन जाईल.

यातच मातीचं पात्र आलं. उघड्यावरची मांजरी जन्मभर माती उकरत आलेली असते, म्हणून पहिल्या दिवशी तिला बाजारचे सुगंधी खडे देऊ नका. तिच्याच आवारातली माती आणा. जुनं पसरट घमेलं किंवा कपडे भिजवायचा टब घ्या. कड इतकी बुटकी असावी की तिला सहज आत जाता येईल. त्यात तीन बोटं माती घाला. दोन-चार दिवसांनी रोज मूठभर माती कमी करून चाळून वाळवलेली बारीक रेती किंवा बाजारचे साधे, बिनवासाचे खडे घालत जा. दोन आठवड्यांत पूर्ण बदल होतो. एका मांजराला खरं तर दोन पात्रं असावीत, पण जागा नसेल तर एकच ठेवून दिवसातून दोनदा साफ करा. याला जुना झारा फार छान उपयोगी पडतो. (त्याला लाल फीत बांधा, नाहीतर एखाद्या दिवशी कामवाली तो घासून फडताळात लावील!) पात्र खाण्याच्या जागेपासून लांब, येण्याजाण्याच्या वाटेपासून बाजूला आणि धुण्याच्या यंत्राच्या धडधडाटापासून दूर असावं. तिनं कुठं कोपऱ्यात केलंच, तर नाक घासणं, चापट मारणं असले आपले जुने उपाय करू नका. त्यानं ती तुम्हाला भ्यायला लागते आणि पलंगाखाली जाऊन करते. जागा साबणाच्या पाण्यानं धुवा, मग पाणी घातलेल्या व्हिनेगरनं पुसून वाळू द्या. चांगली रुळलेली मांजरी एकाएकी बाहेर करायला लागली किंवा पात्रात बसून कुंथायला लागली, तर ते दुखणं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बोक्याची लघवी अडली तर तो दिवस-दोन दिवसांत जिवावर बेततं.

आता सामान हलवण्याचा दिवस. हमाल, टेंपो, उघडी दारं, आरडाओरडा, या सगळ्यात ती सुटली की पुन्हा सापडायची नाही. म्हणून आदल्या रात्रीपासून तिला मोरीत बंद ठेवा, दारावर ‘उघडू नये’ अशी चिठ्ठी लावा आणि सगळं सामान गेल्यावर शेवटच्या खेपेला तिला न्या. नव्या जागी पोचल्यावर सगळा ब्लॉक तिला मोकळा करून देऊ नका. आपल्याला वाटतं, हिंडू दे, बघू दे. पण तिच्या दृष्टीनं ती दहा दिशा असलेली परकी मुलूखगिरी असते. एकच खोली द्या. आत एका कोपऱ्यात पात्र, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी आणि खाणं, आणि लपायला एक पुठ्ठ्याचं खोकं, दोन बाजूंना तोंडं कापलेलं. हे खोकं चैनीसाठी नाही. हॉलंडमधल्या संशोधकांनी २०१४ साली निवाऱ्यातल्या नव्या मांजरांवर पाहणी केली, तेव्हा लपायला खोकं मिळालेली मांजरं न मिळालेल्यांपेक्षा लवकर निवळली असं त्यांना दिसलं. जुन्या घरातलं ते पायपुसणंही न धुता आणा. सगळ्या घरात तिच्या ओळखीचा वास तेवढाच असणार आहे.

पहिले दोन-तीन दिवस ती खोक्यातून बाहेर येणार नाही. येऊ नये म्हणूनच तर खोकं दिलं आहे. तुम्ही दिवसातून तीन-चारदा खोलीत जा आणि खाली जमिनीवर बसा. भाजी निवडा, पेपर वाचा, वाटलं तर मोठ्यानं वाचा. तिच्याकडे टक लावून पाहू नका, मांजराच्या भाषेत रोखून पाहणं म्हणजे भांडण. नजरानजर झालीच तर डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडझाप करा. इंग्लंडमध्ये २०२० साली याचा नीट अभ्यास झाला. माणसानं अशी संथ उघडझाप केली की मांजरंही तशीच करतात आणि अनोळखी माणसाच्याही जवळ येतात. यजमानांना हा प्रयोग करायला सांगा, त्यांचंही मन वळेल! रात्री कुणी नसताना ती खाते, पात्र वापरते, म्हणजे सगळं सुरळीत चाललं आहे. पण पुरते दोन दिवस घास पोटात गेला नाही तर थांबू नका. माणसासारखा मांजराला उपास सोसत नाही, चार-पाच दिवसांच्या उपाशीपोटानं त्याचं यकृत बिघडतं. मासळी कोमट करून दिली की तिचा वास सुटतो आणि रुसलेली मांजरी बहुधा पाघळते.

ती आपण होऊन दाराशी येऊन शेपटी उभी करून उभी राहायला लागली की दुसरी खोली उघडा. सगळं घर मिळायला आठवडाही पुरेल, नाहीतर महिना लागेल. चार वर्षं उघड्यावर काढलेल्या मांजरीला मी तरी तीन आठवडे धरीन.

रात्रीचं ओरडणं ही खरी कसोटी. पहाटे साडेचारला ती दाराशी बसून असा काही सूर लावते की घरातल्या प्रत्येकाला वाटतं, सोडा एकदाची! पहाट आणि तिन्हीसांजा या मांजराच्या शिकारीच्या वेळा, चार वर्षं ती त्या वेळी फेरीला निघत होती. इथं मन घट्ट करायचं. एकदा ओरडण्याला दार उघडलं की ओरडलं की दार उघडतं हे तिला पाठ झालं. आणि या दिवसांत बाहेर पडलेली मांजरी थेट जुन्या जागेची वाट धरते, जिथं आता तोडकाम चालू असणार. त्याऐवजी रात्री झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं तिला दमवा. काठीला चिंधी बांधून जमिनीवरून ओढा, ती दबा धरील, झेप घेईल. मग तिचं मुख्य जेवण द्या. शिकार, जेवण, अंग चाटणं आणि झोप, हा तिचा नैसर्गिक क्रम आहे, तो तुमच्या निजेच्या वेळेला आणून जुळवायचा. दोन-तीन आठवड्यांत रात्री पुष्कळ शांत होतात. खेळून झाल्यावर दोरी आणि चिंधी कपाटात ठेवा. शिवणाचा दोरा, गजऱ्याचा दोरा, पतंगाचा मांजा, हे मांजर गिळतं आणि आतड्याला कात्री लागल्यासारखी इजा होते. शेपटीकडून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच डॉक्टरकडे न्या.

खाण्याविषयी. दूधभात ही आपली आवडती कल्पना. गोष्टीतलं मांजर दूध पितं, म्हणून घरातल्याही मांजराला बशीभर दूध! पण वाढ झालेल्या पुष्कळ मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो, त्याच्या अभावी डोळे जातात. हृदयही दुबळं होतं, हे १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. रस्त्यावर ती उंदीर, पाली, पाखरं खाऊन हे सगळं मिळवत होती. आता ते तुमच्या हातात आहे. शाकाहारी घरात हा प्रश्न नाजूक असतो हे मला माहीत आहे. अशा घरी बाजारचं मांजरांचं संपूर्ण खाणं पाकिटातून काढून घालावं, त्यात जे लागतं ते असतं आणि आपल्या चुलीला मांस लागत नाही. मांसाहारी घरी त्याच्या जोडीला उकडलेली कोंबडी, बांगडा, मांदेली, उकडलेलं अंडं द्यावं, मीठ-मसाल्याशिवाय. उकडलेलं पाणी टाकू नका, टॉरिन त्या पाण्यात उतरतं. शिजलेली हाडं नकोत, ती टोकदार फुटतात. सुके बोंबील फार खारट असतात, द्यायचेच तर भिजवून, पाणी बदलून, क्वचित. आणि कांदा-लसूण घातलेला रस्सा तर अजिबात नको. कांद्यानं मांजराचं रक्त खराब होतं.

यावरून आठवलं, घरातल्या विषांची यादी आपल्याला पाठ हवी, कारण रस्त्यावर नसलेली पुष्कळ संकटं आपल्या कपाटात असतात. पहिलं फिनेल. फरशी पुसली, मांजर ओल्यावरून चाललं, मग पंजे चाटले, की झालं. फिनेलमधली द्रव्यं मांजराच्या यकृताला निचरता येत नाहीत. साध्या पाण्यानं, साबणानं फरशी पुसा. फिनेल वापरायचंच असेल तर पुसल्यावर पुन्हा साध्या पाण्यानं पुसून ती वाळेपर्यंत दार लावा. कपाटातल्या डांबरगोळ्या, देवघरातला कापूर, निलगिरीचं तेल, हे सगळं तिच्या तोंडापासून लांब. लिलीची फुलं फुलदाणीत ठेवू नका. लिलीचे नुसते परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. आणि ताप आला, दुखत असेल, म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी तिला देऊ नका. माणसांच्या लेकराला चालते ती गोळी मांजराला चतकोरसुद्धा मारक आहे.

सहावा मजला म्हणून खिडक्यांचं आधी बघा, मांजरी आणण्यापूर्वी. ‘मांजर चार पायांवर पडतं’ यावर विसंबू नका. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयानं इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ साली प्रसिद्ध केली. त्यांतली बहुतेक उपचारांनी वाचली हे खरं, पण छाती, जबडा, पाय यांना झालेल्या इजांची यादी वाचवत नाही. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर कुरतडतं आणि तिच्यावर चढतं. बारीक चौकोनांची लोखंडी जाळी बसवून घ्या. भाड्याची जागा आहे, तेव्हा घरमालकाला मांजरीविषयी आणि जाळीविषयी आधीच सांगा. मागाहून कुरबुरी नकोत. जाळीआड खिडकीत एक पाट ठेवा. तिथं बसून ती तासन्‌तास कावळे बघील, आणि ‘कोंडल्याचा अन्याय’ तुम्हाला वाटतो तेवढा तिला वाटणार नाही. नखांसाठी एका लांब फळीला गोणपाट घट्ट ठोका, किंवा टेबलाच्या पायाला काथ्याचा दोर गुंडाळा. हे तिच्या झोपण्याच्या जागेजवळ ठेवा, झोपून उठली की तिला आधी नखं घासायची असतात. सोफ्याचा तेवढा बचाव होतो, पूर्ण होत नाही, हेही सांगून टाकते.

आता सूनबाईंचं. माहेरच्यांची काळजी अगदीच निराधार नाही, पण तिच्यावर उपाय आहे, आणि तो मांजर टाकून देण्याचा नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो, आणि गरोदरपणी त्याची नवी लागण झाली तर गर्भाला अपाय होतो, हे खरं. पण मांजर ते बीज बहुधा पहिल्या लागणीनंतर दोनेक आठवडेच बाहेर टाकतं. आणि बाहेर पडलेलं बीज लागण करण्याजोगं व्हायला निदान एक दिवस जावा लागतो. म्हणून पात्र रोजच्या रोज साफ झालं की बराच धोका तिथंच संपतो. हे काम सूनबाईंनी मुळीच करायचं नाही, तुम्ही करा किंवा चिरंजीवांच्या गळ्यात घाला. पोत्याऐवजी झारा! मांजरीला कच्चं मांस देऊ नका, उंदीर धरायला बाहेर सोडू नका. घरातच शिजलेलं खाणारी मांजरी बाहेरच्यापेक्षा या बाबतीत खूपच निर्धोक. आणि हेही लक्षात ठेवा की हा परजीवी अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या पालेभाज्यांतून आणि कुंडीतल्या मातीतूनही येतो. मांजर नसलेल्या घरातल्या सुनेनंही कोथिंबीर धुऊनच खाल्ली पाहिजे. सूनबाईंच्या डॉक्टरांना घरात मांजर येणार असल्याचं सांगा, हवी तर त्या रक्ततपासणी करून घेतील. बाळ आल्यावर मांजरी पाळण्यात झोपणार नाही याची मात्र खबरदारी हवी. पाळण्याची ऊब तिला फार आवडते. बाळ एकटं झोपलं असेल तेव्हा त्या खोलीचं दार लावलेलं असावं. ती सवय आतापासून, पाळणा रिकामा असतानाच लावा.

या सगळ्या धांदलीत तिनं कुणाला ओरखडलं किंवा चावली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही भरू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा. मांजरीला लस दिली आहे म्हणून हे टाळू नये.

पत्राच्या शेवटी विचारलं आहे की आता ती घरची होणार, तर तिला एखादं छानसं नाव ठेवावं का? जिन्याखाली असताना तुम्ही तिला काय म्हणून हाक मारत होतात ते लिहिलेलं नाही. ‘मनी’ म्हणत असाल, ‘ये गं’ म्हणत असाल, नुसतं ‘चुक् चुक्’ करत असाल, तेच चालू ठेवा. मांजरं आपलं नाव इतर शब्दांपासून वेगळं ओळखतात असं जपानमध्ये २०१९ साली दिसून आलं आहे. नव्या ब्लॉकमध्ये भिंती, वास, जिने, सगळंच तिला परकं असेल. हाक तेवढी जुनीच राहू द्या. आणि हो, रात्रीच्या जेवणाआधी रोज त्याच हाकेनं तिला बोलवायची सवय ठेवा. कधीकाळी दार उघडं राहून ती जिन्यात निसटलीच, तर पेटी घेऊन मागं धावण्यापेक्षा त्या हाकेचा आणि वाटीवर चमचा वाजवण्याचा उपयोग जास्त होतो.